रिकाम्या जागेचं वजन

आमचे चित्रकलेचे सर आपल्या वर्गाला स्टुडिओ म्हणत. दादरला ट्रामच्या रस्त्यावर, खाली सायकलदुरुस्तीचं दुकान आणि वर हा स्टुडिओ. उत्तरेचा उजेड मिळतो म्हणून ही जागा घेतली, असं ते नव्या विद्यार्थ्याला आवर्जून सांगायचे. खिडकी पश्चिमेला होती. दुपारनंतर ऊन थेट मॉडेलच्या तोंडावर यायचं. मग सर गोणपाटाचा पडदा ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "हा घ्या उत्तरेचा उजेड."

सर रेशमी झब्बा घालत आणि त्यावर रंगाचा एक ठिपका जपून ठेवलेला असे. बोटं मात्र नेहमी स्वच्छ. ते विलायतेला गेले नव्हते, पण गेलेल्या दोघा-तिघांना ओळखत होते, आणि गेलेल्यांनी विलायत वापरली नसेल इतकी ही ओळख त्यांनी वापरली. चित्रासमोर उभे राहिले की डोळे बारीक करायचे, मान मागे न्यायचे, अंगठा समोर धरायचे आणि थोड्या वेळाने सांगायचे, "डावीकडे पडतंय." कोणाचंही चित्र असो, ते डावीकडे तरी पडायचं नाहीतर उजवीकडे तरी. सरळ उभं राहिलेलं चित्र वर्गात कोणी पाहिलं नव्हतं. सरांचं स्वतःचं चित्र भिंतीवर होतं, तेवढं एक.

एक गोष्ट मान्य करते. सर शिकवत ते खरं होतं. इतका पोकळ माणूस इतकं खरं शिकवू शकतो, ह्याचा मला पुढे फार राग आला, पण तेव्हा मी तोंडाचा आ करून ऐकत असे. एकदा त्यांनी टेबलावर अर्धा कापलेला लाल भोपळा ठेवला आणि लांब उजव्या टोकाला कुंकवाचा करंडा.

"भोपळा मध्याजवळ घ्या, करंडा पार कडेला," ते म्हणाले. "फळीवर जाडा मनुष्य मध्याजवळ बसला आणि पोरगं टोकाला बसलं तर फळी सरळ राहते की नाही? तसंच हे. लहान वस्तू कडेला गेली की तिचं वजन वाढतं."

मग ते रंगांकडे वळले. गडद रंग फिक्यापेक्षा जड, लाल निळ्यापेक्षा जड. माणसाचा चेहरा सगळ्यांत जड. चित्रातला माणूस ज्या बाजूला बघतो, त्या बाजूला वजन सरकतं. एवढं सांगून ते थांबले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "आणि रिकाम्या जागेलाही वजन असतं. ज्याला हे कळत नाही तो चित्र भरत बसतो. भरणारा चित्रकार भित्रा असतो."

हे शेवटचं मला पाठ झालं. डिलाईल रोडला चालत जाताना मी ते मनात घोळवत होते. आमच्या चाळीत रिकामी जागा अशी नव्हतीच. एका खोलीत आम्ही घरचे, गावाहून आलेले दोन काका आणि एक शिवणयंत्र. रिकाम्या जागेला वजन असतं हे तिथे कोणाला सांगितलं असतं तर त्याने मला तिथेच एक ट्रंक ठेवायला लावली असती.

वडील गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे माग चालवत होते. शाळेतल्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं की मुलीचा हात चांगला आहे, ड्रॉइंग टीचरची परीक्षा दिली तर म्युनिसिपालिटीच्या शाळेत नोकरी लागेल. नोकरी हा शब्द ऐकून वडील तयार झाले. आई शेवटपर्यंत तयार झाली नाही. "चित्रां काढून पोट भरता काय कोणाचा?" असं ती विचारायची, आणि सरांचा झब्बा तिने पाहिला नव्हता म्हणून बरं, नाहीतर तिला उत्तर मिळालं असतं.

स्टुडिओत आम्ही मुली दोनच. दुसरी हिंदू कॉलनीतली, लग्न ठरेपर्यंत वेळ जावा म्हणून येणारी. तिच्या चित्रापुढे सर "वा, नाजूक" म्हणायचे. माझ्या चित्रापुढे म्हणायचे, "गिरणगावातून येतेस ना? रंग जरा भडकच लागतात तुम्हाला."

आमच्या शेजारच्या खोलीत एक जोडपं राहायचं. त्याला सगळे दादा म्हणायचे, म्हणून तिला सगळे वैनी म्हणायचे. दोघं आमच्याच बाजूची, मालवणच्या अलीकडची. दादा वडिलांच्याच खात्यात होता. पाळीवरून आला की अंघोळ करून गॅलरीच्या अगदी टोकाला बाकड्यावर बसायचा आणि करी रोडच्या पुलाकडे बघत राहायचा. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. जन्मापासून होता की साच्यांनी खाली ओढला, कोणी विचारलं नव्हतं. तो बसला की सगळा माणूस त्या बाजूला किंचित कललेला दिसायचा, आणि तरी कधी पडेल असं वाटायचं नाही. पुढे सर भार आणि तोल सांगायला लागले तेव्हा भोपळ्यापेक्षा मला दादा आधी आठवला.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या भागात त्याबद्दल दुमत असं नव्हतंच. मुंबई आपली, हे सांगायला आम्हाला सभेची गरज नव्हती, तरी सभा रोज असायच्या. दादाही जायचा. त्याला भाषणं आवडायची, म्हणजे भाषणात झोप चांगली लागते असं तो म्हणायचा. मग बंद झाले, दगड झाले, संचारबंदी झाली, गोळीबार झाले. त्यातल्याच एका दुपारी कोणीतरी येऊन सांगितलं की आता थोडा वेळ बाहेर पडायला हरकत नाही, पिठाची गिरणी उघडली आहे. वैनीला घावण्याचं पीठ हवं होतं. दादा तांदळाचा डबा घेऊन खाली उतरला. कोपऱ्यापर्यंत गेला असेल. पुढच्या नाक्यावर दगडफेक चालली होती आणि पोलिसांची गोळी नाका सोडून कोपऱ्यावर आली.

संध्याकाळी कोणीतरी डबा आणून दिला. झाकण घट्ट होतं, तांदूळ तसेच होते. वैनीने तो डबा फडताळात ठेवला आणि फडताळाचं दार लावून घेतलं.

रडारड झाली, ती लिहीत नाही. चाळीतलं रडणं सगळ्यांना माहीत आहे. पण त्यानंतर जे आले त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं. आमच्या भागाच्या समितीचे अध्यक्ष गिरगावातले एक वकील होते. गिरगावातला माणूस आमच्या भागाचा अध्यक्ष कसा, हे विचारायची पद्धत नव्हती. आवाज भारदस्त, सोनेरी काडीचा चष्मा, आणि हनुवटी अशी की माणूस यायच्या आधी ती खोलीत यायची. ते चार माणसं घेऊन आमच्या चाळीत आले, गॅलरीत उभे राहिले आणि खालच्या चौकात जमलेल्या लोकांना उद्देशून बोलले. हातात झेंडा घेऊन त्याने छातीवर गोळी झेलली, असं ते म्हणाले. वैनी आमच्या दारात आईला टेकून बसली होती. तिने मान वर केली.

"झेंडो खयचो गे?" तिने आईला विचारलं.

"गप रव," आई म्हणाली. "मोठी माणसां बोलतत."

मोठी माणसं बराच वेळ बोलली. जाताना त्यांनी जाहीर केलं की ह्या वीराचं भव्य तैलचित्र गिरगावातल्या सभेच्या हॉलमध्ये लावलं जाईल. ज्या कोपऱ्यावर दादा पडला तो लालबाग-परळच्या बाजूचा, तो राहायचा डिलाईल रोडला, आणि चित्र गिरगावात. हेही विचारायची पद्धत नव्हती.

चित्राचं काम आमच्या सरांकडे आलं. त्या आठवड्यात सर वेगळेच चालत होते. झब्ब्यावर रंगाचा दुसरा ठिपका आला. वर्गाच्या एका भिंतीला नवा कोरा कॅनव्हास टेकून ठेवला, भिंतीएवढा, आणि आम्हाला त्याच्यापासून लांब बसायला सांगितलं. पण एक अडचण होती. दादाचा फोटो नव्हता. लग्नातला एक गटफोटो होता, त्यात मुंडावळ्यांमागे नाक तेवढं दिसत होतं. मी सरांना सांगितलं की तो आमच्या शेजारी राहायचा.

"चेहरा आठवतो?" त्यांनी विचारलं.

"सगळाच आठवतो," मी म्हणाले.

"मग तू एक कच्चा आराखडा कर. मी बघतो."

मी मोठा कागद घेतला आणि कोळशाने काढायला बसले. दादाला मी उजव्या कडेला घेतलं, गॅलरीच्या टोकाला, बाकड्यावर, डावा खांदा खाली गेलेला. तोंड डावीकडे, पुलाच्या दिशेने. गॅलरीचा कठडा त्याच्यापासून निघून पार डावीकडे जात होता आणि त्याच्यावर सगळी मोकळी जागा. आकाश म्हणा, रस्ता म्हणा, मी तिथे काही काढलं नाही. लहानसा माणूस कडेला आणि त्याच्या नजरेसमोर एवढी रिकामी जागा. कागद भिंतीला लावला आणि मागे सरून बघितलं. तो पडत नव्हता. कलला होता, पण पडत नव्हता.

सर आले. डोळे बारीक केले, मान मागे नेली, अंगठा वर केला. मग अंगठा खाली आला. त्या एका वेळी मी त्यांना अभिनयाशिवाय पाहिलं.

"हे उभं राहिलंय," ते म्हणाले. "ह्याला हात लावू नकोस. ही डावीकडची जागा आहे ना, तिनेच त्याला धरलंय."

मला अजून वाटतं की ते खरंच बोलले. म्हणूनच पुढचं मी त्यांना माफ केलं नाही. न कळणाऱ्या माणसाने चूक केली तर आपण सोडून देतो.

दोन दिवसांनी अध्यक्ष स्टुडिओत आले. सरांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसली, चहा मागवला आणि माझा कागद स्वतःचा म्हणून दाखवला. ते मला अपेक्षित होतं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"हा कोपऱ्यात का बसलाय?"

"कोपऱ्यात नाही, कडेला आहे," मी म्हणाले.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते सरांना म्हणाले, "मास्तर, हुतात्मा बाकड्यावर बसलेला असतो का? झेंडा कुठाय? जनसमुदाय कुठाय? आणि ही एवढी जागा मोकळी सोडलीत. ह्यात अर्धी समिती मावेल."

मी सरांकडे पाहिलं. भित्रा चित्रकार भरत बसतो, हे ज्या तोंडून आम्ही ऐकलं होतं ते तोंड चहाच्या कपात होतं. कप खाली ठेवून सर म्हणाले, "हो हो, तिथे काम व्हायचंय अजून. हा नुसता प्राथमिक विचार."

अध्यक्ष गेल्यावर मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवलं नाही. "सर, तुम्हीच म्हणालात रिकाम्या जागेला वजन असतं."

"ते वर्गात," सर म्हणाले. "हे बाहेरचं काम आहे."

मग बाहेरचं काम सुरू झालं. आधी अध्यक्ष स्वतः बसायला आले. जनसमुदायात एक चेहरा म्हणून, असं ते म्हणाले, पण तो चेहरा जनसमुदायाच्या पुढे, चष्म्यासकट, तीन-चतुर्थांश वळलेला हवा होता. हनुवटीची ती बाजू चांगली होती म्हणे. ती डाव्या बाजूला बसवली. दुसऱ्या आठवड्यात खजिनदार आले. त्यांचं छत्र्यांचं दुकान होतं आणि त्यांना अध्यक्षांच्या मागे उभं राहायचं नव्हतं, बरोबरीने राहायचं होतं. तेही डावीकडे आले. मग अध्यक्षांचे मेहुणे, मग छत्रीवाल्यांचे कोणी. गोळीबाराच्या दिवशी ह्यांच्यापैकी एकही त्या बाजूला फिरकला नव्हता. चित्रात मात्र सगळे छाती काढून उभे होते.

इतके चेहरे डावीकडे झाल्यावर चित्र डावीकडे पडायला लागलं. हे सरांनाही दिसत होतं, कारण तो नियम त्यांचाच होता. तेव्हा त्यांनी उजवीकडच्या दादाला मोठा केला. तरी पुरेना, म्हणून त्याला तांबडा सदरा घातला. दादाने जन्मात तांबडा सदरा घातला नव्हता. मग हातात भगवा झेंडा आला, तिरपा, वरपर्यंत गेलेला. आता उजवी बाजू जड झाली. योगायोगाने त्याच सुमारास आणखी दोघांना चित्रात यायचं होतं, त्यांना डावीकडे घेतलं. असं कित्येक दिवस चाललं. एक पारडं खाली गेलं की दुसऱ्यात एक पुढारी टाकायचा. शेवटी जागाच संपली आणि बाकड्यावरच्या माणसाला बसायला ठाव उरला नाही. तेव्हा सरांनी दादाला तिथून काढला आणि खाली, सगळ्यांच्या पायांशी, अर्धवट पडलेला दाखवला. एक हात वर, हातात झेंडा, दोन्ही खांदे सरळ रेषेत.

"आडवी आकृती म्हणजे पाया," सर आम्हाला समजावत म्हणाले. "आता बघा सगळा भार कसा पेलला गेला."

खोटं नव्हतं ते. त्या सगळ्यांचा भार दादानेच पेलला होता.

मला त्यांनी टोप्या रंगवायला दिल्या. मागच्या गर्दीतल्या पांढऱ्या टोप्या, शेकडो. मी त्या रंगवल्या. वर्ग सोडावा असं वाटत होतं, पण परीक्षा तोंडावर होती आणि माझ्या वडिलांना आणखी एक स्टुडिओ शोधायला सांगण्याची माझी छाती नव्हती. टोप्यांना तोंडं काढायची नाहीत अशी सूचना होती. गर्दीला चेहरे दिले तर पुढच्या चेहऱ्यांचं वजन कमी होतं, असं सरांचं म्हणणं. ह्यातही ते नियमाने बरोबर होते.

माझा कोळशाचा कागद मी गुंडाळून घरी आणला. कोणाला त्याची गरज नव्हती. एका दुपारी वैनीला आमच्या खोलीत बोलावलं आणि तो चटईवर उलगडला. तिने हाताने दोन्ही टोकं दाबून धरली आणि वाकून बघितलं.

"असोच बसायचो," ती म्हणाली. मग खांद्यावरून बोट फिरवलं, कागदाला न लावता.

"तुला ठेव," मी म्हणाले. "भिंतीवर लावता येईल."

तिने मान हलवली. "भिंतीर लावन मी काय करू? रोज उठ म्हणान सांगू?"

मी गुंडाळी करायला लागले. तिने ती माझ्याकडून घेतली, नीट घट्ट केली, दोरा बांधला आणि परत माझ्या हातात दिली. "तुझा असा ता तुझ्याकडे ठेव," म्हणाली आणि नळावर पाणी आलंय म्हणून निघून गेली. मला थोडं लागलं. आपण खरं काढलं म्हणजे ज्याचं काढलं त्याच्या माणसांना ते हवंच असतं, असा माझा समज होता. वैनीने तो अगदी सहज मोडला.

अनावरणाला आम्ही चाळीतले सगळे गिरगावात गेलो. हॉल पताकांनी भरला होता. चित्रावर पडदा होता आणि पडद्यासमोर मंचावर चित्रातले सगळे जिवंत बसले होते, साधारण त्याच क्रमाने. वैनीला अगदी शेवटची खुर्ची दिली होती, खांबाला लागून. बाकीच्यांचे खांदे इतके रुंद बसले होते की तिला खुर्चीत तिरकं बसावं लागलं. अध्यक्षांनी दोरी ओढली. टाळ्या झाल्या. लोक चित्राकडे बघायचे, मंचाकडे बघायचे, आणि ओळख पटली की एकमेकांना दाखवायचे. पायाशी पडलेल्या माणसाला ओळखायचं काम कोणाला पडलं नाही, कारण तो कोणासारखाच नव्हता.

भाषणं झाली. सरांचा सत्कार झाला. रचनेचा समतोल हे शब्द अध्यक्षांनी सरांकडून शिकून घेतले होते, ते त्यांनी पुन्हा पुन्हा वापरले. मग वैनीला खण-नारळ दिला आणि कोणीतरी म्हणालं, "बाईंनी दोन शब्द बोलावेत." ही नुसती म्हणायची गोष्ट होती. बाई डोळ्यांना पदर लावतात, मान हलवतात आणि बसतात, असंच होतं. अध्यक्ष पुढच्या वक्त्याकडे वळलेसुद्धा होते.

वैनी उठली. नारळ खुर्चीवर ठेवला आणि चित्राच्या जवळ जाऊन उभी राहिली. घरच्या बोलीत नाही, शाळेतल्या बाईंसारखं नीट बोलायचा प्रयत्न करत ती म्हणाली, "ह्यांच्या हातात झेंडा दिलात, बरं केलंत. तांदळाचा डबा दाखवला असता तर लोक म्हणाले असते, एवढ्यासाठी मेला."

ती थोडी थांबली, आणखी काही आठवतंय का बघत असल्यासारखी, आणि मग म्हणाली, "घावणे करायचे होते. एवढंच."

ती परत येऊन बसली. नारळ मांडीवर घेतला. टाळ्या कोणी वाजवाव्यात हे कोणालाच कळेना. शेवटी अध्यक्षांनी सुरुवात केली आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. माझ्या शेजारी आई ताठ बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती आणि वैनीला गप राहायलाही सांगत नव्हती.

बाहेर पडताना सर भेटले. "बाई भावनेच्या भरात बोलल्या," ते म्हणाले. वैनीच्या बोलण्यात कोणाला काही जाणवलंच असेल तर ती भावना नव्हती, पण सरांशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मी परीक्षा दिली, पास झाले आणि पुन्हा स्टुडिओच्या जिन्यावर पाय ठेवला नाही.

राज्य झालं. मुंबई मिळाली. चाळीत साखर वाटली, रोषणाई झाली आणि आम्ही खरोखर आनंदलो. त्या आनंदाबद्दल माझ्या मनात आजही तिरकस काही नाही. पण ज्यासाठी एकत्र आले होते ते मिळाल्यावर आमच्या भागाच्या समितीला एकत्र राहायचं कारण उरलं नाही. अध्यक्ष एका पक्षात गेले, छत्रीवाले दुसऱ्या, आणि हॉल छत्रीवाल्यांच्या हातात राहिला. भिंतीवरचे ते चेहरे छत्रीवाल्यांच्या माणसांना रोज दिसायचे. त्यांनी सरांना बोलावलं.

तोवर मला परळच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती. मुलींना मी भार आणि तोल शिकवायचे आणि शब्द सरांचेच वापरायचे, कारण दुसरे सापडले नाहीत. एकदा शाळांच्या चित्रस्पर्धेचं बक्षीसवाटप त्याच हॉलमध्ये होतं. मुलींना घेऊन आत शिरले आणि भिंतीकडे बघून थबकले. डावीकडचे जवळजवळ सगळे गेले होते. त्यांच्या जागी फिकट निळं आकाश आणि ढग. अध्यक्ष, मेहुणे, सगळे ढगात. घाईत रंग पातळ लावला असावा, कारण एका ढगाला हनुवटी होती.

छत्रीवाले तेवढे उरले होते, आणि खाली दादा. ज्यांच्या वजनापायी त्याला तिथे पाडला होता ते आता नव्हते. तरी त्याला उठवायचं कोणाला सुचलं नव्हतं.

योग असा की सर त्या दिवशी परीक्षक म्हणून आले होते. थकले होते. झब्बा तोच. माझ्याजवळ येऊन त्यांनी भिंतीकडे बोट केलं आणि डोळे बारीक केले. "बघितलंस? आता तोल आला," म्हणाले. लाज, गंमत, त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांना खरोखर समाधान वाटत होतं. मी माझ्या मुलींना रांगेत बसवायला गेले.

वैनी गावी परत गेली नाही. दीर न्यायला आला होता, त्याला तिने जेवू घालून परत पाठवलं. त्याच खोलीत तिने खाणावळ सुरू केली. एकटे राहणारे गिरणीतले लोक दोन्ही वेळा येत. भात, माशाचं कालवण, कधी घावणे. फडताळातला डबा तिने कधीतरी बाहेर काढला होता आणि त्यात मीठ भरलं होतं.

निवडणुकीचे दिवस आले तसे अध्यक्ष पुन्हा आमच्या चाळीत उगवले. आता ते नव्या पक्षाचे होते. वैनीने त्यांच्या मंचावर बसावं, नुसतं बसावं, बोलायची गरज नाही, असा निरोप त्यांनी आधी पाठवला होता. त्याचं उत्तर आलं नाही म्हणून ते स्वतः आले. मी सुट्टीची घरीच होते. दुपारची पंगत बसली होती, भिंतीला लागून दोन्ही बाजूंनी माणसं आणि मध्ये वैनी वाढत होती. अध्यक्ष दारात उभे राहून बोलायला लागले. वीरपत्नी, त्याग, महाराष्ट्राची माता. वैनी त्यांच्याकडे पाठ करून कालवण वाढत राहिली.

"काय म्हणता मग?" अध्यक्षांनी विचारलं.

"जेवायचं असेल तर बसा," वैनी म्हणाली. "नाहीतर दारातून बाजूला व्हा. ह्यांच्या ताटात उजेड पडत नाही."

अध्यक्ष निघून जातील असं आम्हाला वाटलं. त्यांनी चपला काढल्या आणि साचेखात्यातल्या दोघांच्या मध्ये मांडी घालून बसले. दोघांनी सरकून जागा करून दिली. त्यांनी भात दोनदा मागून घेतला, बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला नीट लावून ठेवले, मोरीवर हात धुतले आणि गेले. सभेच्या दिवशी वैनी नेहमीसारखी चुलीपुढेच होती.